समोरून धरलेली पात

नूपुर, ईशान,

रविवारी फोनवर नूपुर चिडून सांगत होती, की शाळेतल्या गटप्रकल्पात सगळं काम तिनेच केलं, बाकीच्यांनी नुसती नावं लावली, आणि पुढच्या वेळी ती एकटीनेच काम करायची परवानगी मागणार आहे. ईशानने मागून पुस्ती जोडली, की एकट्याने केलं की लवकर उरकतं. फोनवर मी उपदेश करायला लागले की तुमची आई कॅमेऱ्याबाहेर सरकून हसते, ते मला कळतं. म्हणून लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीही इंग्रजी शिकवण्याची केली. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं. पण मला जे सांगायचं आहे ते मराठीत घडलं, आणि त्यातली काही वाक्यं तर इथल्याच मराठीत घडली. अडलं तर आईकडून वाचून घ्या. ती हसली तरी हरकत नाही.

आणखीही एक कारण आहे. कापूस फुटला आहे. सकाळी गच्चीवर वाळवणाला गेले तर कठड्याच्या खिळ्याला पांढरा पुंजका अडकलेला. बाजाराकडे जाणाऱ्या टेम्पोंतून उडतो तो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना या दिवसांत अशी बोंडं लागतात, जी त्यांची नसतात. आदिलाबादच्या चौकात तेलुगू, हिंदी, मराठी अशा तीन भाषांत भाव विचारले जातात; ‘पत्ती’ म्हणणारे, ‘कपास’ म्हणणारे आणि ‘कापूस’ म्हणणारे एकमेकांना बरोबर समजतात. हवेत थंडी, आणि तिच्यात सरकीचा किंचित तेलकट वास. हा वास आला की मला तलमडुगुकडच्या त्या शाळेचा पत्र्याचा वर्ग आठवतो, आणि त्या वर्षीचा हंगाम.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून काही दिवस त्या गावी जाऊ लागले होते. मराठी माध्यमाची छोटी शाळा. आठवीच्या वर्गशिक्षिका वैशाली मॅडम माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे आजोबा त्याच शिवारात सालगडी होते, आणि ती स्वतः लहानपणी आईबरोबर कापूस वेचून मग शाळेत आलेली. तिनेच मला बोलावलं. जिल्ह्यातून सूचना आली होती, की प्रत्येक शाळेने एका वर्गाचा मिळून एक प्रकल्प करावा: चलचित्र, आवाज, चित्रं, नकाशा, जे जमेल ते एकत्र गुंफून. विषय आपल्या गावाचा. वैशालीचं म्हणणं असं होतं, की पोरांना फोन हाताळता येतो, पण फोनवर एकत्र काम करता येत नाही. तेवढं तुम्ही शिकवा.

विषय पोरांनी एका दमात ठरवला. पराटी. कापसाच्या झाडाला इथे पराटी म्हणतात. पेरणी होऊन गेली होती, झाडं गुडघ्याच्या वर आली होती, म्हणजे चित्रपटाची नायिका रोज शाळेच्या कुंपणापलीकडे उभी होती.

मी कामं वाटून दिली. कोणी चित्रण करायचं, कोणी लोकांना प्रश्न विचारायचे, कोणी शिवाराचा नकाशा काढायचा, कोणी तुकडे जोडायचे. फोन मोजकेच: वैशालीचा, माझा आणि शनिवारी कुणाच्या तरी वडिलांचा. पहिले काही दिवस जे चित्रण झालं त्यात आभाळ होतं, स्वतःचे पाय होते आणि एक शेळी होती, जी प्रत्येक तुकड्यात कशी येते हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. मग हळूहळू त्यांचे हात थांबायला शिकले. थांबून पाहायला लागलं की पराटीवर किती घडतं ते दिसतं. सकाळी पिवळं असलेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. बोंड तडकतं तेव्हा आवाज होत नाही, तरी एक मुलगी फोन बोंडाला लावून बराच वेळ ऐकत बसली होती. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य पराटीला दाखवून मग ओटीत पहिला कापूस घेतात. ते चित्रण करताना पोरांनी दोनदा नैवेद्य दाखवायला लावला, तर म्हातारी शेतमालकीण म्हणाली, देवाला एकदा कळतं, तुमच्या फोनला कळत नाही का.

खरी अडचण वाऱ्याची होती. शेतातलं बोलणं ऐकायला घेतलं की नुसतं भसभस. शेवटी अंकुशने फोनच्या ज्या भोकातून आवाज आत जातो तिथे कापसाचा पातळ पुंजका दोऱ्याने बांधला. वारा गेला, माणसं राहिली. अंकुश हा वर्गातला बोलका मुलगा. भाषणात पहिला, उच्चार स्वच्छ. चित्रपटाचं निवेदन तोच करणार असं सगळ्यांनी, त्यानेही, धरून ठेवलं होतं. पण आम्ही सगळ्यांचे आवाज घेतले आणि डोळे मिटून ऐकले. तेव्हा वर्गाने एकमताने बोट ठेवलं ते रोशनीच्या आवाजावर.

रोशनी मागच्या ओळीत बसणारी मुलगी. बोलायची कमी. पण बोलली की समोरचं माणूस हातातलं काम थांबवायचं. ‘पराटीले पाणी कमी पायजे, पन नजर जास्त पायजे,’ असं काहीतरी ती सहज म्हणून गेली होती आणि ते रेकॉर्ड झालं होतं. हेडसरांना ते रुचलं नाही. जिल्ह्याला पाठवायचं आहे, भाषा शुद्ध हवी, असं ते म्हणाले. वैशालीने शांतपणे सांगितलं, की विषय आमच्या गावाचा मागितला आहे, तर आवाजही गावचाच जाईल. अंकुश दोन दिवस आवाज घेताना लांब बसला. मग तोच रोशनीला श्वास कुठे घ्यायचा ते दाखवू लागला.

दिवाळी झाली आणि कापूस एकदम फुटला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगणं कठीण आहे. काल हिरवं असलेलं शिवार सकाळी पांढरं असतं, आणि मग घराघरांतून एकच घाई सुटते. अवकाळी पाऊस आला तर कापूस काळा पडतो, म्हणून मिळेल तो हात शेतात लागतो. वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. बरीच मुलं दोन-चार दिवसांनी परत येत. रोशनी आली नाही. तिच्या जागी कोणी बसेना. वैशाली मात्र रोज हजेरी घेताना तिचं नाव घेई.

तेव्हा मला कळलं, की रोशनीच्या मोठ्या बहिणीचं, सुनीताचं, हेच झालं होतं. एका हंगामाला ती शेतात गेली आणि शाळा कायमची सुटली. कापूस संपला तरी सुटलेलीच राहिली.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. पुढची खोली दारापासून आढ्यापर्यंत कापसाने भरलेली होती, भाव येईपर्यंत माल घरातच ठेवतात. घरची माणसं ओसरीवर राहत होती आणि चूल अंगणात दूर नेली होती. रोशनीची आई, शोभाबाई, नुकतीच शेतातून आली होती. बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं ओरखडलेली. मी ठरवून गेले होते, की शिक्षणाचं महत्त्व सांगायचं. तिने मला बोलूच दिलं नाही. ते तिला माहीत होतं.

“मोठी गेल्ती परत बडीत,” ती म्हणाली. शाळेला इथे तेलुगू शब्दच चालतो. “थोडे रोज बसली. मंग म्हने, आई, मले काई समजून नाई राह्यलं, पोट्टे हासतात. आता हिचंबी तसंच होईन. मी काऊन पोरीचं हसं करू, मॅडम?”

माझ्याकडे तयार होती ती सगळी उत्तरं दुसऱ्याच प्रश्नाची होती. शेतात जाण्याने शाळा सुटत नव्हती. परत आल्यावर मधला रिकामा भाग ओलांडता न आल्याने सुटत होती. सुनीता ओसरीच्या खांबाशी फोन घेऊन बसली होती आणि आमच्याकडे पाहत नव्हती. रोशनी तर आत कापसाच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने हळूच विचारलं, धडा कुठवर आला, आणि मी चमकले. इतक्या हळू विचारलेलं मला इतकं स्पष्ट कसं ऐकू आलं? मी त्या दारातून आत वाकून स्वतःचंच नाव घेऊन पाहिलं. आवाज भिंतींवर आदळून परत येत नव्हता. कापूस सगळा प्रतिध्वनी पिऊन टाकत होता. पत्र्याच्या घुमणाऱ्या वर्गात आम्ही महिनाभर ज्या शांततेसाठी धडपडलो होतो ती इथे आढ्यापर्यंत भरून ठेवलेली होती.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेच सुचलं होतं. निवेदन इथेच करायचं, आणि ते रोशनीच करणार, असं मी तिथेच शोभाबाईला सांगून टाकलं. ती म्हणाली, करा बापा, पण बडीचं मी काही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी हेडसर वर्गात आले. पाठवायची तारीख जवळ आली होती. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांना काम पुरं व्हायला हवं होतं. ते म्हणाले, की मुलगी येत नाही, तिच्यासाठी सगळ्यांचं अडायला नको. अंकुश तयारीचा आहे, त्याच्या आवाजात करून टाका. मी काही म्हणायच्या आत अंकुश उभा राहिला.

इथे तुम्हांला एक रीत सांगायला हवी. वेचणीला बायका एका रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला काही ओळी येतात. त्याला पात म्हणतात. ज्या बाईची पात आधी संपते ती पुढच्या शेतात निघून जात नाही. जी मागे पडली असेल तिच्या पातीत ती उलट्या टोकाने शिरते आणि वेचत वेचत तिला येऊन भेटते. तिने आभार मानायचे नसतात, आणि हिनेही बोलून दाखवायचं नसतं.

अंकुश म्हणाला, “सर, शेतात कोनी मांगं पडलं तर आमी तिची पात सोडून देत नाई. समोरून धरतो. रोशनीची पात आमी समोरून धरतो.”

हेडसर हसून म्हणाले, शेतातलं ठीक आहे, इथे कसं धरणार?

वर्गात कुजबुज झाली. मग मागून एक मुलगी म्हणाली, की आपल्याला आता आवाज रेकॉर्ड करता येतो, तर रोजचा धडा करून पाठवू. सुनीताताईकडे फोन आहे. कापूस वेचायला हात लागतात, कान रिकामेच असतात.

त्या दिवसापासून शेवटच्या तासानंतर एक गट थांबू लागला. पहिले धडे भयंकर होते. पुस्तक समोर धरून एका दमात वाचलेले. रोशनीचा निरोप आला: झोप येते. पोरं रागावली, मग हसली, मग विचार करू लागली. मी दोन नियम घालून दिले. पुस्तक मिटायचं, आणि समोर रोशनी बसली आहे असं समजून बोलायचं. तिसरा नियम त्यांनीच काढला: एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने मध्येच ‘थांब, हे नाही समजलं’ म्हणायचं, कारण रोशनीला तिथून तसं म्हणता येत नाही. नूपुर, मी आयुष्यभर वर्गात शिकवलं, पण मुलांना धडा किती समजला आहे हे मला इतक्या स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. ज्याला नीट समजलं नव्हतं त्याला रेकॉर्डच करता येत नव्हतं. तो परत पुस्तकाकडे जाई, शेजाऱ्याला विचारी, आणि मग येई.

एका सकाळी मी शेतात गेले. दव वाळल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, त्यामुळे बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून होत्या. साडीवर नवऱ्यांचे जुने शर्ट, डोक्याला आणि तोंडाला कापड, नुसते डोळे दिसणारे. कोण कोण ते आवाजावरूनच ओळखायचं. ऊन आलं तशा रांगेने उभ्या राहिल्या. सुनीताने पहिल्या दिवशी फोन ओटीत ठेवला होता, तर कापसाने अख्खा धडा गिळून टाकला. म्हणून आता तो पिशवीत घालून रोशनीच्या गळ्यात. त्या दिवशी विज्ञान होतं. झाड उन्हाच्या मदतीने पानांत आपलं अन्न कसं तयार करतं, ते अंकुशचा आवाज सांगत होता. सगळी रांग ऐकत होती. हात थांबत नव्हते.

“म्हंजे झाड उन्हात सैपाक करते,” रांगेतली एक म्हणाली, “आन आपून उन्हात येचतो. मंग जेवते कोन?”

रांगेत हसणं पसरत गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शोभाबाईही हसली. पण सुनीता हसली नाही. ती विचारात पडली होती. तिने रोशनीच्या गळ्यातला फोन घेतला आणि वर्गाला निरोप पाठवला: पानं जर सैपाक करतात, तर आता पानं वाळून गेल्यावर बोंडं कशाच्या जिवावर फुटतात? तो प्रश्न दुसऱ्या दिवशी वैशालीने फळ्यावर लिहिला. वर्गाला उत्तर आलं नाही. मलाही आलं नाही. शोधून काढायला लागलं, आणि त्याचंच एक रेकॉर्डिंग झालं.

पुढे तर रांगेतून रोज एक तरी प्रश्न यायचा. धडे जायचे आणि प्रश्न यायचे, दोन्ही बाजूंनी पात सरकत होती.

निवेदन संध्याकाळी व्हायचं, रोशनी शेतातून आल्यावर, उजेड असेतोवर. कापसाच्या खोलीत दिवा न्यायचा नाही हा घरचा नियम. दाराशी कापसात एक कोनाडा खणला होता. त्यात रोशनी मांडी घालून बसायची, बाकीचे ओसरीत श्वास धरून. मध्येच कुणाला तरी तंतूमुळे शिंक यायची आणि सगळं पुन्हा. कापूस उबदार असतो, हे मला तेव्हा अंगाने कळलं. बाहेर थंडी उतरत असे आणि त्या दारातून एखाद्या झोपलेल्या जनावराच्या अंगाची असावी तशी ऊब येई. रोशनीच्या आवाजात दिवसभराचा थकवा असायचा. तो आम्ही काढून टाकला नाही. शेवटी तिने वाचायच्या ओळीत नसलेलं एक वाक्य म्हटलं: ‘हा कापूस येचताना मी आठवीत होती.’ वैशालीने माझा हात दाबला. ते वाक्य तसंच राहिलं.

प्रकल्प जिल्ह्याला गेला. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी लिहिलं, की हसण्याचे आवाज फार आहेत. त्या शेऱ्यावर पोरं कितीतरी दिवस हसत होती.

पण मला झोप नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. वेचणी संपली, पराट्या उपटायला झाल्या, आणि आता रोशनी येते की नाही ते दिसणार होतं. मी मुद्दाम त्या सकाळी गेले. ती आली. तेल लावून घट्ट वेणी, बोटांवर ओरखडे. शोभाबाई फाटकापर्यंत सोडायला आली होती आणि तिथेच उभी राहिली, आत नाही, परतही नाही. वैशालीने नेहमीसारखं शिकवायला सुरुवात केली. विशेष काही केलं नाही, ते तिचं शहाणपण. थोड्या वेळाने तिने वर्गाला एक प्रश्न विचारला, विज्ञानाचाच. दोन-तीन हात वर गेले. मग मागच्या ओळीतून आणखी एक. रोशनीने उत्तर दिलं, अर्धं बरोबर होतं. कुणीतरी म्हणालं, ‘थांब, हे नाही समजलं.’ तिने परत सांगितलं, आणि या वेळी पूर्ण बरोबर.

कोणी हसलं नाही. मी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं, तर शोभाबाई शेताच्या वाटेला लागली होती. दुसऱ्या दिवशीही रोशनी आली. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेले नाही.

याचा शेवट सगळाच गोड झाला असं मी तुम्हांला सांगणार नाही. सुनीतासाठी मी आणि वैशालीने पुष्कळ खटपट केली. बाहेरून दहावीला बसायचं तिने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा राहून गेलं. मग तिचं लग्न झालं. मुलं शेतात नेऊ नयेत, यासाठीही आम्ही पालकांच्या सभा घेतल्या. काही घरांनी ऐकलं, काहींनी नाही. मी हट्टी बाई आहे, पण हंगाम माझ्यापेक्षा हट्टी आहे. त्याला थांबवता आलं नाही. मधला रिकामा भाग तेवढा भरता आला.

वैशालीची बदली मंचेरियलकडे झाली. माझे गुडघे आता त्या बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत. चित्रपट ज्या फोनवर होता तो पाण्यात पडला, आणि जिल्ह्याला दिलेली प्रत विचारायला गेल्यावर कुणाला सापडली नाही. अंकुश शिकायला आदिलाबादेत असतो. रस्त्यात भेटला की अजून मला आजी मॅडम म्हणतो.

रोशनी यंदा दहावीत आहे. त्या शाळेच्या आठवीत दिवाळीनंतर शेवटचा तास संपला की एक गट अजूनही थांबतो, जे शेतात आहेत त्यांच्यासाठी दिवसाचा धडा बोलतो आणि पाठवतो. ते धडे सुनीताही सासरी मागवून घेते, आणि प्रश्न पाठवते.

तुमची,
आजी